परभणी जिल्हा आणि मनोविकारचिकित्सेचा परवाना : एक ऐतिहासिक टिपण

मनोरुग्णावर उपचार करण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो अधिकार द्यावयाचा कोणी, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो राज्यसंस्थेच्या इतिहासाचाही प्रश्न आहे. प्रस्तुत टिपणात या प्रश्नाचा विचार परभणी जिल्ह्याच्या अनुषंगाने करावयाचा आहे. या जिल्ह्याने शंभर वर्षांच्या आत एकामागून एक निराळ्या राजवटी अनुभवल्या. त्यामुळे कायदा कागदावर केव्हा आला आणि माणसापर्यंत केव्हा पोचला, यांतील अंतर येथे विशेष स्पष्टपणे दिसते.

आरंभ इ. स. १९१२ पासून करणे सोयीचे होईल. त्या वर्षी दोन कायदे झाले. मुंबई इलाख्यापुरत्या असलेल्या मुंबई वैद्यक अधिनियमाने डॉक्टरांच्या नोंदणीची व्यवस्था केली. आणि ब्रिटिश हिंदुस्थानासाठी केलेल्या भारतीय वेड अधिनियमाने मनोरुग्णांना इस्पितळात ठेवण्याची रीत ठरविली. परभणी त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील एक जिल्हा होता. त्यामुळे हे दोन्ही कायदे त्याच्या सीमेबाहेरच थांबले. नगर जिल्ह्यातील मनोरुग्ण एका कायद्याखाली होता आणि परभणीचा दुसऱ्या राज्यात. दोघांची भाषा मात्र एकच होती.

१९१२ च्या वेड अधिनियमाची दृष्टी समजून घेतल्यास पुढील वाटचालीचा अर्थ लागतो. आप्ताने अर्ज करावयाचा, त्यास दोन वैद्यकीय दाखले जोडावयाचे, त्यांपैकी एक सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा असावयाचा, आणि दंडाधिकाऱ्याने आदेश द्यावयाचा, अशी ती पद्धत होती. भटकणाऱ्या धोकादायक मनोरुग्णास पकडण्याचा अधिकार पोलिसांस होता. खाजगी इस्पितळास सरकारचा परवाना लागे. म्हणजे कायद्याने इमारतीस परवाना दिला, डॉक्टरच्या दाखल्यास मान दिला. परंतु मनोविकारांचा विशेष अभ्यास केलेला तज्ज्ञ ही स्वतंत्र व्यक्ती त्याच्या नजरेस आलेली नव्हती. रुग्ण बरा कसा होईल यापेक्षा तो कोठे ठेवावा, हीच त्या कायद्याची मुख्य चिंता होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याबरोबर परभणी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आली. नव्या राज्यापुढे निरनिराळ्या प्रदेशांतून आलेले निरनिराळे कायदे एका सूत्रात ओवण्याचे काम होते. १९६१ च्या अधिनियमाने वैद्य व हकीम यांची, तर १९६५ च्या महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियमाने आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांची नोंदणी राज्यभर एकरूप झाली. परंतु नोंदवही एक झाली म्हणून सेवा एकसारखी झाली नाही. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे होती. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नव्हते. परभणीच्या कुटुंबास रुग्ण घेऊन शेकडो मैलांचा प्रवास करावा लागे.

१९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम १ एप्रिल १९९३ पासून अंमलात आला. ‘वेडा’ हा शब्द कायद्यातून गेला, आणि मनोविकारतज्ज्ञाची व्याख्या पदव्युत्तर पदवी अगर पदविकेच्या आधारे बांधली गेली. मनोरुग्णालयाचा परवाना पाच वर्षांचा केला. मात्र शासनाच्या स्वतःच्या रुग्णालयांस परवान्याची अट लागू नव्हती. परवाना देणारा हात स्वतः परवान्यापासून मुक्त राहिला, ही या कायद्यातील लक्षणीय विसंगती होय.

विनापरवाना निवासांचा धोका किती भीषण असतो, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसून आले. दर्ग्याच्या परिसरातील अशा एका निवासास आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले पंचवीसहून अधिक रुग्ण मृत्यू पावले. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या मिषाने माणसास दोराने अगर साखळीने बांधणे, मारहाण करणे हे गुन्हे ठरविले. उपचार कोणी करावा हे सांगणाऱ्या कायद्यांच्या जोडीला उपचाराच्या नावाखाली काय करू नये हे सांगणारा हा कायदा ठेवून पाहावा. दोहोंचे प्रयोजन एकच आहे.

मानसशास्त्रज्ञाची मान्यता याहून उशिरा आली. बंगलोर येथे १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली, आणि लवकरच तेथे चिकित्सक मानसशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. तथापि या शिक्षणास कायद्याचे कवच मिळण्यास १९९२ चा भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम यावा लागला. त्यान्वये नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास अथवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दंडाची ही रक्कमच कायदाकर्त्यांना या प्रश्नाचे गांभीर्य किती वाटत होते हे सांगून जाते.

२९ मे २०१८ रोजी अंमलात आलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने हे धागे एकत्र आणले. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार-सामाजिक कार्यकर्ते यांची नोंदणी राज्य प्राधिकरणाकडे सोपविण्यात आली. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी व सिद्ध या शाखांतील संबंधित विषयाचे पदव्युत्तर पदवीधरही व्यावसायिकांत गणले गेले. आपल्या क्षेत्राबाहेरचे औषध कोणी लिहून द्यावयाचे नाही, असे बंधन घातले. शासकीय संस्थांनाही नोंदणी आवश्यक ठरली, आणि १९८७ ची विसंगती दूर झाली.

तरीही समुपदेशक या यादीबाहेर राहिला. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प आखला, तेव्हा गावातील आशा कार्यकर्तीवरच खचलेले कुटुंब ओळखण्याची जबाबदारी आली. तिच्याजवळ परवाना नव्हता, परंतु त्या घराचा उंबरठा तिला ओळखत होता. पुढे २०२१ च्या संलग्न आरोग्यव्यवसाय अधिनियमाने समुपदेशकांसही आपल्या अनुसूचीत स्थान दिले.

या इतिहासावरून काय निष्पन्न होते? परवाना प्रथम भिंतींना, मग डॉक्टरांना आणि शेवटी रुग्णाचे ऐकून घेणाऱ्यांना मिळाला. हा क्रम उलटा होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. नोंदणीने रुग्णाचे भोंदूपासून रक्षण होते, हे निर्विवाद. परंतु ज्या जिल्ह्यात नोंदणीकृत माणूस हाताशी नाही, तेथे केवळ मनाई करणारा नियम रुग्णास निराधार सोडतो, आणि तो पुन्हा भोंदूकडेच वळतो. म्हणून २०१७ च्या अधिनियमाचे कलम ३१ विशेष महत्त्वाचे वाटते. लोकसंख्येच्या प्रमाणात आंतरराष्ट्रीय निकषांइतके व्यावसायिक दहा वर्षांत उपलब्ध करण्याचा प्रयत्न शासनाने करावा, असे ते सांगते. ही मुदत मे २०२८ मध्ये पूर्ण होते. परवान्याची अट व्यावसायिकावर जितकी बंधनकारक, तितकेच हे कर्तव्य शासनावर आहे. १९१२ चे कायदे परभणीच्या सीमेबाहेर थांबले, कारण तेथे राज्य दुसरे होते. आता राज्य एकच आहे. तेव्हा हा कायदा सीमेवर थांबल्यास त्याचे कारण दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही.