झेडपी शाळेची श्रेणी ठरते कशी?

अहिल्यानगर : शाळेला ‘अ’ श्रेणी आहे म्हणजे पोरगं धड वाचतंच असं नाही. ‘शाळासिद्धी’त 7 क्षेत्रं, 46 मानकं होती. त्यात पाणी, स्वच्छतागृहही धरायचे, अन् पहिले गुण शाळा स्वतःच स्वतःला द्यायची! 4 डिसेंबर 2024 चं ‘परख’ सर्वेक्षण तिसरी, सहावी, नववीचं, पण निवडक शाळांतलं. निकाल जिल्ह्याचा, आपल्या शाळेचा नव्हे. पोराचं खरं कळतं नियतकालिक मूल्यांकन चाचणीत : प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. पेपर शाळेतच तपासतात, गुण चॅटबॉटवर भरतात. तो पेपर गुरुजी-बाईंकडे पाहायला मागा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक असतात. पुढच्या बैठकीत वर्गवार निकाल विचारा.