नारिंगी चेंडूचा पाठलाग

पवनीला वैनगंगेच्या घाटावर कोणी झेंडूचे फूल पाण्यात सोडले, की काठावरचे पोर सहज त्याच्यावर नजर ठेवते. फूल लाटेआड जाते, पुन्हा दिसते. पोराला त्याचे काही वाटत नाही. हेच काम यंत्राला सांगितले तर? चित्र घ्यायचे, त्यात फूल शोधायचे, आणि हिशेब पुरा होईपर्यंत फूल पुढे गेलेले! यंत्रमानवाच्या दृष्टीचा इतिहास बराचसा या उशिराचाच आहे.

1979 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे हान्स मोरावेक यांची कॅमेरा लावलेली गाडी खुर्च्या मांडलेल्या खोलीतून स्वतःच पार गेली. अंतर सुमारे 20 मीटर, वेळ सुमारे पाच तास. गाडी मीटरभर सरके, थांबे, चित्रे घेई आणि मग मोठा संगणक दहा-पंधरा मिनिटे आकडेमोड करी. उघड्यावर तर गंमतच झाली. एका टप्प्याचा हिशेब होईपर्यंत सूर्य सरकून सावल्या हलत, आणि त्या स्थिर वस्तू समजून बसलेला संगणक गोंधळे.

पुढे संगणक वेगवान झाले, हे खरेच. पण आम्हाला अधिक मोलाची वाटते ती दुसरी युक्ती : यंत्राला कमी पाहायला सांगणे. 1997 साली जपानमध्ये नागोया येथे यंत्रमानवांच्या फुटबॉलची पहिली रोबोकप स्पर्धा झाली. मैदान हिरवे, चेंडू नारिंगी. चेंडूचा आकार ओळखत बसायचे कारण नाही. नारिंगी ठिपका सापडला की झाले.

तरीही हिशेब थोडा नाही. 320 गुणिले 240 चित्रबिंदूंच्या चित्रात 76,800 बिंदू. सेकंदाला 30 चित्रे म्हणजे 23,04,000 बिंदू. प्रत्येक बिंदूचे तीन आकडे असतात. प्रत्येक आकडा रंगाच्या किमान-कमाल मर्यादेत आहे का, हे पाहायला एका रंगासाठी सहापर्यंत तुलना लागतात. 32 रंग असले तर सेकंदाला 44 कोटींवर तुलना!

कार्नेगी मेलन विद्यापीठातील ब्रूस, बाल्च आणि वेलोसो यांनी 2000 साली यावर सुरेख उपाय मांडला. तीन आकड्यांचे तीन तक्ते आधीच करून ठेवायचे. समजा, ते तीन हजेरीपट आहेत आणि प्रत्येक रंग हा एक विद्यार्थी. आकडा त्या रंगाच्या मर्यादेत असेल तर 1, नसेल तर 0. तिन्ही पटांवर जो हजर, तोच बिंदूचा रंग. 32 जणांची हजेरी संगणक एकदम ताडतो, त्यामुळे बिंदूमागे तुलना उरतात फक्त दोन. साध्या संगणकावर हे काम सेकंदाला 30 वेळा होऊ लागले.

2001 साली त्याच विद्यापीठात सीएमयूकॅम हा छोटा कॅमेरा तयार झाला. त्याच्या चिपची कामचलाऊ स्मृती अवघी 136 बाइट. 80 गुणिले 143 बिंदूंचे एक चित्रही तिच्यात मावणार नाही. म्हणून चित्र साठवायचेच नाही! बिंदू येतील तसे तपासायचे, नारिंगी बिंदूंची बेरीज ठेवायची आणि सरासरीने मध्यबिंदू काढायचा. असे सेकंदाला 17 वेळा.

या घाईची किंमतही आहे. दुपारी ठरवलेल्या नारिंगीच्या मर्यादा संध्याकाळी चालत नाहीत. पवनीच्या घाटावर ऊन कलले, की पाण्यावरची तांबूस चमकच त्या मर्यादेत येऊन बसेल, आणि यंत्र फुलाऐवजी नदीचाच पाठलाग करू लागेल.