जोत्यावरून वाडा ओळखावा

शाळेची सहल पुण्याला आली की शनिवारवाडा चुकत नाही. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून दिल्ली दरवाजाला ठोकलेले लोखंडी खिळे पाहून मुले हरखतात. पण आत पाऊल टाकले की विचारतात, "गुरुजी, वाडा कुठाय?" समोर हिरवळ, दगडी चौथरे आणि हौद! मग आपण घाईघाईने नारायणरावांच्या खुनाकडे वळतो. ३० ऑगस्ट १७७३ ची ती गोष्ट खरीच. पण तिच्यापायी साऱ्या नांदत्या वास्तूवर पडदा पडतो, हे काही बरे नव्हे.

माझे म्हणणे असे, की मुलांना त्या चौथऱ्यांपाशीच थांबवावे. खेड्यातल्या पोराला ते शहरातल्यापेक्षा लवकर उमगतील. आपल्या गावातला पाटलांचा जुना वाडा आठवा. दगडी जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागाचे खांब, खांबांवर तुळया आणि वर कडीपाट. भार पेलायचा तो लाकडाने. शनिवारवाडा याच जातीचा, पसारा तेवढा पेशव्यांचा!

पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत केली. खर्च आला १६,११० रुपये. साग जुन्नरच्या रानातला, दगड चिंचवडच्या खाणीतला आणि चुना जेजुरीचा, असे सांगतात. पुढे नानासाहेबांनी तट, बुरूज आणि गणेश रंगमहाल बांधून वाडा वाढवला. सवाई माधवरावांच्या लहानपणी हजारी कारंजे झाले. कमळाच्या आकाराचा त्याचा दगडी हौद आजही पाहता येतो.

कारंजे म्हटले की पाणी आले. मुलांना जरूर विचारा, पाणी कुठून आणले असेल? नानासाहेबांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या नळाने पुण्यात खेळवले होते. मोट नाही, रहाट नाही. नुसत्या उतारावर कोसच्या कोस पाणी चालत येई. शेताला पाटाचे पाणी देणाऱ्याला यातली अक्कलहुशारी वेगळी सांगायला नको.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पुढल्या वर्षी पेशवाई संपली. नंतर २७ फेब्रुवारी १८२८ ला वाड्याला आग लागली, ती सात दिवस धुमसत होती. साग जसा भार पेलतो तसा पेटतोही. दिवाणखाने, माड्या, कडीपाट सारे गेले. जोती, हौद आणि तट तेवढे मागे राहिले. म्हणून आज दिसतो तो वाडा नव्हे, बरं का, वाड्याचे पाय आहेत.

दिल्ली दरवाजावरचा नगारखाना मात्र वाचला. वर जायची मुभा असेल तर मुलांना तिथे घेऊन जा. लाकडी खांब आणि महिरपी नीट पाहू द्या. दोन खांबांमधला खण किती पावलांचा आहे ते मोजू द्या. मग खाली उतरा, एखादे मोठे जोते निवडा आणि त्यावर तसे किती खण उभे राहतील ते त्यांचे त्यांना काढू द्या.