विवाहासाठी धर्म नाकारावा लागे तेव्हा

१/८
ब्रिटिश भारतात १८७२ साली नोंदणी विवाहाचा कायदा झाला. त्यानुसार वधूवरांना एका घोषणापत्रावर सही करावी लागे. त्यात आठ धर्मांची नावे होती: ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुस्लिम, पारशी, बौद्ध, शीख, जैन. यांपैकी एकही धर्म आपण मानत नाही, असे दोघांनीही लिहून द्यायचे. ही विलक्षण अट आली कुठून?

२/८
मुळाशी होता ब्राह्मो समाजाचा पेच. केशवचंद्र सेन यांचे अनुयायी मूर्तिपूजा व परंपरागत विधी वगळून विवाह लावीत. हे विवाह वैध आहेत काय, यावर अ‍ॅडव्होकेट जनरलचे मत प्रतिकूल पडले. विवाह अवैध ठरला, तर मुलांचा वारसाहक्कच धोक्यात येणार होता.

३/८
१८६८ मध्ये हेन्री मेन यांनी व्यापक विधेयक मांडले. सनातन्यांनी त्यास कडाडून विरोध केला. मग ते केवळ ब्राह्मोंपुरते करण्याचे ठरले, तर देवेंद्रनाथ टागोरांच्या आदि ब्राह्मो समाजाने हरकत घेतली: आम्ही हिंदूच आहोत, आमचे विवाहही वैध आहेत!

४/८
अखेर फिट्झजेम्स स्टीफन यांनी तडजोड काढली. कोणताच प्रस्थापित धर्म न मानणाऱ्यांसाठी हा कायदा, म्हणजे कोणाच्याही धर्मशास्त्रास धक्का नाही. कायद्याने एकपत्नीत्व बंधनकारक केले. वयोमर्यादा वरासाठी १८, वधूसाठी १४ ठरवली.

५/८
पुढे नियतीने केशवचंद्रांचीच परीक्षा घेतली. १८७८ मध्ये त्यांनी आपल्या कन्येचा, सुनीतीदेवींचा, विवाह कूचबिहारच्या महाराजांशी लावला. वधूला १४ वर्षे पूर्ण झालेली नव्हती. समाज दुभंगला आणि साधारण ब्राह्मो समाज स्थापन झाला.

६/८
१९२३ मध्ये हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने दुरुस्ती झाली. हिंदू, बौद्ध, शीख व जैनांना आपसांत विवाह करताना धर्म नाकारण्याची गरज उरली नाही. किंमत मात्र द्यावी लागेच. असा विवाह करणारा एकत्र कुटुंबातून विभक्त मानला जाई. आणि पित्याला दुसरा मुलगा नसेल, तर त्याला दत्तक घेण्याचा अधिकार मिळे. मुलगा हयात असताना!

७/८
१५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचा नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह झाला. त्यांच्या धर्मांतरास अजून आठ वर्षे अवकाश होता. पण धर्म नाकारण्याची सक्ती हिंदूंपुरती तोवर उठलेली होती.

८/८
१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ती सर्वांसाठीच संपवली. दोघेही हिंदू असल्यास एकत्र कुटुंबातून विभक्त होण्याची तरतूद १९७६ मध्ये गेली. एक गोष्ट मात्र उलट दिशेने सरकली. १८७२ मध्ये विवाहापूर्वीच्या नोटिशीची मुदत १४ दिवसांची होती. १९५४ मध्ये ती ३० दिवसांची झाली. घरच्यांच्या विरोधाला तोंड देणाऱ्या जोडप्याला हे वाढलेले सोळा दिवस किती लांब वाटत असतील, याचा विचार करून पाहा.