माशीच्या कोषातले वैरी

दुसऱ्या महायुद्धानंतर गोठ्यांत डीडीटी फवारले जाऊ लागले, तेव्हा घरमाशीचा प्रश्न मिटला असे पुष्कळांना वाटले. डीडीटीचा कीटकनाशक गुण ओळखणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. पण त्याआधीच, १९४६-४७ च्या सुमारास, स्वीडन आणि इटलीत डीडीटीला दाद न देणाऱ्या माश्या आढळल्या होत्या!

वास्तविक माशीचे नैसर्गिक शत्रू त्याही आधीपासून ठाऊक होते. जिरॉल्ट आणि सँडर्स या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञांनी १९१० साली मस्सिडिफ्युरॅक्स रॅप्टर या परोपजीवी गांधीलमाशीचे वर्णन केले. ही जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. माणसाच्या किंवा गुरांच्या वाटेला जात नाही. माशीच्या अळीची शेवटची कातडी कडक होऊन तपकिरी कुपी बनते आणि तिच्या आत कोष राहतो. मादी या कुपीला भोक पाडून कोषाला डंख मारते आणि आत अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी कोष खाऊन वाढते. शेणाच्या ढिगाकडेला सापडणाऱ्या रिकाम्या कुप्या विद्यार्थ्यांना जरूर दाखवाव्यात. टोकाचे झाकण उघडले असेल तर माशी निघून गेली. कुरतडलेले लहानसे गोल छिद्र असेल तर गांधीलमाशी.

साठीच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात लेग्नर यांनी या कीटकांचा कसून अभ्यास केला. १९७० साली कोगन आणि लेग्नर यांनी याच प्रजातीतल्या चार नव्या जाती नोंदवल्या. पुढे १९७५ साली मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी स्पॅलँजिया एंडियस ही गांधीलमाशी सतत सोडून घरमाश्या आटोक्यात आणल्याचे प्रसिद्ध केले. आशा वाढल्या. मात्र नेब्रास्कातील गुरांच्या उघड्या वाड्यांवर १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत तसे यश आले नाही.

आम्हाला यात नवल वाटत नाही. उन्हाळ्यात माशीची पिढी आठ-दहा दिवसांत पुरी होते, गांधीलमाशीला दोन ते चार आठवडे लागतात. उघड्या वाड्यात बाहेरूनही माश्या येतात. शेण वेळेवर उचलले नाही तर गांधीलमाश्या कितीही सोडा, पुऱ्या पडत नाहीत. आणि वर सरसकट फवारणी केली तर आधी त्याच मरतात.

जातही पारखून घ्यावी लागते. नॅसोनिया व्हिट्रिपेनिस प्रयोगशाळेत फार सहज वाढते, म्हणून तीही विकली गेली. गोठ्यातील शेणात मात्र ती फारसे काम करीत नाही. आनुवंशिकीच्या अभ्यासकांनी तिचे सोने केले. २०१० साली तिचा जनुकसंच प्रसिद्ध झाला.