द ऑर्डर ऑफ द स्टिक : संशय आणि परावलंबन

रिच बर्लू या अमेरिकन लेखक-चित्रकाराच्या ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ या अद्‌भुतरम्य वेबकॉमिकमधील दोन परस्परसंबद्ध आशयसूत्रे. हे कॉमिक सप्टेंबर 2003 मध्ये इंटरनेटवर सुरू झाले. आरंभी ते ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाच्या नियमांची थट्टा करणारे होते. काड्यांच्या हातापायांची माणसे आणि प्रत्येक भागाच्या शेवटी एक विनोद, एवढाच त्याचा आवाका. हळूहळू त्याचे दीर्घ कथानकात रूपांतर झाले. 2012 मध्ये जुने खंड पुन्हा छापण्यासाठी बर्लूने वाचकांकडे मदत मागितली, तेव्हा 57,750 डॉलरच्या उद्दिष्टासमोर साडेबारा लाखांहून अधिक डॉलर जमा झाले. चित्रे साधीच राहिली. पात्रांच्या नात्यांमधली गुंतागुंत मात्र वाढत गेली. वाचक इतकी वर्षे टिकून राहिला तो मुख्यतः या नात्यांसाठी.

या जगात देव आहेत की नाहीत, हा प्रश्नच उद्‌भवत नाही. ते बोलतात, मतदान करतात, आपसांत भांडतात आणि पुरोहितांना रोजच्या रोज मंत्रशक्ती पुरवतात. त्यामुळे इथला संशय नास्तिकाचा नसतो. समोरचा आहे हे ठाऊक असते; त्याच्या शब्दावर विसंबावे का, आणि विसंबून बसल्यावर मागे फिरता येते का, एवढेच ठरवायचे असते. बहुतेक पात्रांना ते नीट ठरवता येत नाही.

रेडक्लोक आणि झायकॉन. कॉमिकमधील सर्वांत खोल आणि सर्वांत घातक परावलंबन या जोडीचे आहे. रेडक्लोक हा गॉब्लिन जमातीचा पुरोहित. सॅफायर गार्ड या धर्मयोद्ध्यांच्या पथकाने त्याच्या गावाची कत्तल केली, त्यात त्याचे कुटुंबीय मारले गेले. वाचला तो धाकटा भाऊ, एक डोळा गमावून. त्याच दिवशी मेलेल्या मुख्य पुरोहिताचा किरमिजी झगा रेडक्लोकच्या अंगावर आला आणि त्यासोबत ‘डार्क वन’ या गॉब्लिन-देवाची योजनाही. जगाच्या आत कोंडलेल्या एका विध्वंसक शक्तीचे दरवाजे ताब्यात घ्यायचे आणि तिच्या धाकाने इतर देवांकडून गॉब्लिनांसाठी न्याय मिळवायचा. दरवाजे ताब्यात घेण्याच्या विधीसाठी पुरोहितासोबत एक जादूगारही लागतो. म्हणून झायकॉन.

2007 च्या ‘स्टार्ट ऑफ डार्कनेस’ या पूर्वकथेच्या खंडात हे नाते उलगडते. झायकॉन क्रूर आहे, लहरी आहे. गॉब्लिनांच्या जिवाची त्याला काडीची किंमत नाही. त्याला लिच, म्हणजे मरणानंतरही जादूने टिकून राहणारा सांगाडा, बनवतो तो रेडक्लोकच. धाकटा भाऊ राइट-आय हा या कथेतला खरा संशयवादी. योजना त्यालाही एकेकाळी पटलेली असते, पण तो हिशेब पुन्हा मांडतो : देवाच्या नावावर किती गॉब्लिन मेले, आणि जिवंत असलेल्यांच्या पदरात काय पडले? तो बाजूला होतो, गाव वसवतो, संसार थाटतो. झायकॉन त्याला तिथूनही ओढून आणतो. शेवटी राइट-आय झायकॉनला संपवायला निघतो, तेव्हा रेडक्लोक आपल्या भावालाच ठार करतो. योजना चुकीची ठरली तर आजवरचे सगळे मृत्यू फुकट गेले असे कबूल करावे लागेल, आणि ती कबुली त्याला झेपत नाही. झायकॉनला हे पुरते कळलेले असते. रेडक्लोक आता आपल्याला कधीच सोडून जाऊ शकणार नाही, हे तो त्याला तोंडावर ऐकवतो. वेबकॉमिक या प्रकारात याहून निर्दय प्रसंग क्वचितच लिहिला गेला असेल.

पुढे ओ-चुल या कैदी योद्ध्याच्या सुटकेच्या वेळी रेडक्लोकचा एक डोळा जातो. तो मंत्राने बरा करण्याची त्याची ताकद असते. झायकॉन शिक्षा म्हणून परवानगी देत नाही आणि जमातीचा हा सर्वोच्च पुरोहित निमूटपणे मान तुकवतो. तरीही हे नाते एकतर्फी नाही. आपल्याकडच्या गोष्टींत राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसा झायकॉनचा प्राण एका ताईतात आहे; रेडक्लोकने खरा ताईत लपवून नकली त्याच्या हाती दिला आहे. विधीचा खरा परिणामही त्याने झायकॉनपासून दडवला आहे. त्सुकिको या जादूगार स्त्रीला हा परिणाम उमगतो, तेव्हा रेडक्लोक तिच्याच पिशाच्चांकरवी तिचा काटा काढतो आणि वर बजावतो की असले मृतवत प्राणी म्हणजे निव्वळ हत्यारे. आपण झायकॉनला वापरतो आहोत, ही त्याची समजूत त्याला गुलामी सोसायला मदत करते.

मिको मियाझाकी. सॅफायर गार्डच्या या धर्मयोद्धा स्त्रीच्या संशयात आणि परावलंबनात फरक करता येत नाही. अझ्युर सिटीचा वृद्ध अधिपती शोजो वेडेपणाचे सोंग करतो, न्यायनिवाड्यातही फसवणूक करतो. मिकोला त्याचा वास लागतो आणि तो खराही असतो. पण तिथून ती थेट शोजोचे शत्रूशी संधान आहे या निष्कर्षापर्यंत पोचते आणि त्याला ठार मारते. देव तत्क्षणी तिचे धर्मयोद्धापण काढून घेतात. तिला तेही पटत नाही, कारण आपण देवांचे लाडके साधन आहोत या कल्पनेवाचून तिच्यापाशी जगायला दुसरे काही नाही. पुढे झायकॉनविरुद्ध किल्ल्यातल्या लढाईत सॅफायर गार्डचा संस्थापक सून किम याचा आत्मा विजयाच्या उंबरठ्यावर असताना ती दरवाजाचे रत्न फोडते आणि झायकॉन निसटतो. शंका सगळ्यांवर, स्वतःवर कधीच नाही.

बेल्कर आणि ड्युरकन. ‘ऑर्डर ऑफ द स्टिक’ ही कथेतल्या नायकांची टोळी. तिच्यातल्या बेल्करला वाचवताना टोळीचा बटू पुरोहित ड्युरकन मॅलॅक या रक्तपिपासूच्या हातून मरतो आणि रक्तपिपासू होऊन उठतो. हा ड्युरकन नव्हेच, असे एकटा बेल्कर सांगत राहतो. पण बेल्कर खुनशी, बेभरवशाचा. त्याचे कोण ऐकणार? नायक रॉयला मित्र गमावल्याचे दुःख आहे, शिवाय टोळीला पुरोहितावाचून चालणार नाही. गरज आणि शोक मिळून त्याची पारख आंधळी करतात. देवसभेत समजते की त्या देहात हेल या मृत्युदेवीचा सेवक आहे आणि खरा ड्युरकन आत कोंडलेला. रॉय कॉमिकमधला सर्वांत समंजस माणूस आहे, म्हणूनच हा भाग मोलाचा वाटतो.

इतर पात्रे. टोळीतल्या हेलीला बापाने कुणावरही विश्वास न ठेवण्याची शिकवण दिली. तिची वाचाच जाते आणि सोबती एलानवरचे प्रेम बोलून दाखवल्यावर परत येते. टोळीतल्याच वार्सुव्हियस या एल्फ जादूगाराचे स्त्री-पुरुषत्व बर्लूने मुद्दाम अस्पष्ट ठेवले आहे. कुटुंबाला वाचवायला तीन सैतानांकडून उसनी घेतलेली शक्ती वार्सुव्हियसच्या हातून प्रचंड नरसंहार घडवते आणि तेच कुटुंब तुटते. पुढे ब्लॅकविंग हा कावळा वार्सुव्हियसला टोकतो, प्रश्न विचारतो, आणि त्याचे ऐकले जाते. या कॉमिकमधील निरोगी अवलंबनाचे हे दुर्मीळ उदाहरण.

उत्तरार्धात पुनरुज्जीवित ड्युरकन थॉर देवाचा प्रस्ताव घेऊन रेडक्लोकला भेटतो : डार्क वनची शक्ती स्वेच्छेने मिळाली तर ती विध्वंसक शक्ती कायमची कोंडता येईल, आणि बदल्यात गॉब्लिनांसाठी बोलणी होतील. शत्रूच्या देवावर शंका घेण्याचा रेडक्लोकला पुरेपूर अधिकार आहे; त्याचे गाव देवांच्याच नावाने जाळले गेले. पण ज्या कठोरपणे तो थॉरचा शब्द तपासतो, तसा डार्क वनचा शब्द त्याने एकदाही तपासलेला नाही. विधी फसून जग नष्ट झाले तरी नव्या जगाच्या निर्मितीत डार्क वनचा वाटा असेल, ही तोडही त्याला मान्य आहे; मग आजच्या जिवंत गॉब्लिनांचे काय, हा राइट-आयचाच प्रश्न होता. रेडक्लोक थॉरचा प्रस्ताव नाकारतो.