मागं कोण राहिलं?

आमच्या येडशीत कुणाचा आजा किती वाऱ्या चालला, हे पोरासोरांनाही पाठ असतं. पण तो वारीला गेला त्या पंधरा-वीस दिवसांत गोठ्यातलं शेण कुणी काढलं, हे विचारलं की माणसं गप होतात. गावाच्या वाऱ्यांचा इतिहास सांगायचा तर मला या दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करावी वाटते. डोंगरावरच्या गावात माणसाचं चालणं नेहमीच जनावराच्या दाव्याला बांधलेलं असायचं.

गाव बालाघाटाच्या पठारावर, अगदी कडेला बसलेलं. एका अंगाला पडलेलं पाणी तेरणेत, तिथून मांजरेत आणि पुढं गोदावरीला जातं. दुसऱ्या अंगाचं घाट उतरून सीनेला आणि भीमेला मिळतं. आबा म्हणायचे, "आपल्याकडं पाऊस कुठं पडला त्यावर तो वारकरी झाला का न्हाई ते ठरतं."

गावाच्या वाटाही अशाच चहूकडं. चैती पुनवेला येरमाळ्याची येडेश्वरी, तिथल्या रानात चुनखडी वेचायची. आषाढीला पंढरपूर. श्रावणात घाटातलं रामलिंग. कोजागिरीला तुळजापूर, धाराशिववरून चाळीसेक किलोमीटर. यातली आषाढी पेरणी उरकल्यावर येते, पण तेव्हाच कोळपणी-खुरपणीची घाई असते. कोजागिरीला रब्बी ज्वारीची पेरणी तोंडावर. देवानं तिथ्या ठरवताना शेतकऱ्याला विचारलेलं दिसत नाही.

आबा पायी गेले, अनेकदा गेले. खांद्यावर धडपा, त्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. सोबत मोत्या. त्याला कुणी बोलावलेलं नसायचं, तो आपला निघायचा. आबांच्या हातातली काठी लांडग्यासाठी नव्हती. लांडगा धनगराच्या मेंढरामागं हिंडतो, उदो उदो करत जाणाऱ्या घोळक्याच्या वाटेला तो जात नाही. काठी होती ती वाटेवरच्या गावांतल्या कुत्र्यांसाठी. प्रत्येक शिवेवर नवी टोळी उभी असायची आणि मोत्या तेवढ्यापुरता आबांच्या दोन पायांत शिरायचा. शीव ओलांडली की पुन्हा ऐटीत पुढं.

आजी मात्र पायी पंढरपूरला कधीच गेली नाही. म्हैस तिच्या हाताशिवाय पान्हवायची नाही, एवढं साधं कारण. घरात भक्तीला तोटा नव्हता, धार काढणाऱ्या हाताला होता. म्हणून आजीचा देव रामलिंग. सकाळची धार काढून निघायचं, पायवाटेनं दरीत उतरायचं, ओढ्याकाठच्या देवळात बेल वाहायचा, ओट्यातली भाकरी माकडांपासून वाचली तर खायची आणि संध्याकाळच्या धारेला घरी. मला वाटतं, श्रावणी सोमवारी रामलिंगाला बायकांची एवढी दाटी असायची त्यामागं हेही एक कारण असावं. दिवे लागायच्या आत परत येता येईल असा तो देव होता.

यात फरक पाडला तो बार्शी लाइटनं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही अडीच फुटी रेल्वे उभी केली. १८९७ साली ती बार्शीरोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत आली. १९०६ ला तिचा फाटा पंढरपूरला पोचला. इकडं ती रामलिंगाच्या रानातून घाट चढून येडशीवरून पुढं गेली आणि १९११ ला लातूर गाठलं. खाली बार्शी इंग्रजांची, वर येडशी निजामाची. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात येईपर्यंत आमचे वारकरी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात देवाला जायचे आणि मधे करोडगिरीवाले, म्हणजे निजामाचे जकातवाले, गाठोडी चाचपायचे.

पुस्तकांत या रेल्वेचं कौतुक कापूस आणि शेंगेच्या व्यापारासाठी येतं. आमच्या घरात तिचं मोल वेगळं. पंधरा-वीस दिवसांची वारी तिनं दोन-तीन दिवसांवर आणली. ज्यांना गोठा सोडता येत नव्हता त्यांना पहिल्यांदा पंढरपूर दिसलं. आजी एका कार्तिकीला अशीच गेली. साल कोणतं ते तिला सांगता यायचं नाही. "म्हस भाकड हुती त्या वर्षी," एवढंच. आबांनी या गाडीच्या वारीला कधी वारी म्हटलं नाही. आजीनंही त्यांचं मत कधी विचारलं नाही. पुढं २००७-०८ मध्ये लाइन रुंद झाली, छोटी गाडी गेली. येडशीचं स्टेशन राहिलं.

रामलिंगाला जटायूची गोष्ट सांगतात. सीतेला सोडवताना रावणानं पंख छाटले, तो इथं पडला, रामानं बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, अशी श्रद्धा आहे. आजी शंकराइतकाच मान जटायूला द्यायची. आणि तेव्हा गिधाडं खरोखर होती. गावाबाहेरच्या माळावर मेलेलं जनावर पडलं की घटकाभरात आभाळात गोल गोल फिरणारे ठिपके दिसत, आणि दुसऱ्या दिवशी उरे नुसता सापळा. ते जनावर माळापर्यंत ओढत न्यायचं काम गावानं पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक माणसांच्या माथी मारलेलं होतं. जवळच्याच कसबे तडवळ्यात २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. असली कामं पुढं नाकारली गेली, ते योग्यच झालं. आपलं जनावर आपण पुरायला आमच्या वाड्यातल्या माणसांना जड गेलं, तेही झालं.

गिधाडं मात्र त्यानं गेली नाहीत. १९९० नंतर बघता बघता ती देशभरातून संपत गेली, आणि कारण निघालं ते आपल्याच गोठ्यातलं. दुखऱ्या, सुजलेल्या जनावराला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन द्यायचं. ते जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होऊन तेही मरायचं. २००६ ला जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर आमचा माळ रिकामा झाला होता. म्हशीचा पाय बरा व्हावा म्हणून सुई टोचणाऱ्यांत आम्हीही होतो. त्यात कुणाचं पाप होतं असं मला वाटत नाही. पण जटायूसमोर हात जोडताना आता आभाळाकडं बघावं वाटत नाही.

१९९७ ला येडशी रामलिंग घाट अभयारण्य झालं. जेमतेम बावीस चौरस किलोमीटर. गावात काही पेढे वाटले नाहीत, कारण चराईवर बंधनं आली. उस्मानाबादी काळ्या शेळ्यांनी ज्या टेकड्या पिढ्यान्‌पिढ्या खाल्ल्या, तिथं जायचं नाही म्हटल्यावर भांडणं झाली. पण झाडोरा वाढला, मोर वाढले, तरस-लांडग्याला आडोसा मिळाला.

आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात चक्क पट्टेरी वाघ आला. आला कुठून, तर यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून. साडेचारशे-पाचशे किलोमीटर, शेतं, रस्ते, नद्या ओलांडत. टिपेश्वरच्या वाघांना ही खोड आहे. २०१९-२० मध्ये तिथलाच एक वाघ तीन हजार किलोमीटरवर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता, त्याचं नावच 'वॉकर' पडलं. वाघाला हवा मुलूख आणि मादी. आमच्याकडं मुलूख तोकडा, मादी नाही. गावाकडच्या बाजूला, बार्शीच्या बाजूला गाई-वासरं पडू लागली. त्याला बेशुद्ध करून न्यायला ताडोब्याहून पथक आलं, ड्रोन फिरले, महिनोन्‌महिने तो हाती लागला नाही. लोकांनी त्याचं नाव रामलिंग ठेवलं. पंचनामा झाला की सरकार भरपाई देतं. पण गाय गेलेल्या घरात पुढच्या महिन्याचं दुधाचं बिल कमी येतं, ते कुठल्या पंचनाम्यात बसत नाही.

माझ्या चुलतभावाकडं तीन गाई आहेत. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला डेअरीवर दूध घालायचं, ते वहिनीकडं. म्हशीच्या जागी गाय आली, एवढाच आजीत आणि त्यांच्यात फरक. त्या वर्षी त्यांनी गाई आत बांधल्या, कुत्रंही आत घेतलं आणि श्रावणात रामलिंगाला पायवाटेऐवजी स्कुटीवर, डांबरी रस्त्यानं गेल्या. वाघाचा विषय निघाला तेव्हा त्यांना भीतीपेक्षा हेवाच जास्त वाटलेला दिसला. "त्याचं बरं हाय भावजी," म्हणाल्या, "पाचशे किलोमीटर आला. मागं धार काढायला कोण, असं त्याला कुणी इचारलं का?"

येत्या कोजागिरीला वहिनी पायी तुळजापूरला जाणार म्हणतात. भाऊ घरी राहणार. त्याला धार काढता येत नाही, म्हणून दोघं परवा दूध काढायचं मशीन बघायला बार्शीला जाऊन आले. घेतलं नाही अजून. किंमत कमी होते का बघतायत.